पिशवीचा कौल

हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. पंचक्रोशीतील समस्त ग्रामस्थ, माता-भगिनी, मानकरी, भजनी मंडळ आणि मांडवाच्या मागे पत्ते कुटत बसलेली मंडळी, कृपया इकडे लक्ष द्या. गावाच्या भवितव्याशी निगडित अशी एक अत्यंत गंभीर घोषणा होत आहे. माझ्या लघवीत जंतू आहेत. लाखांनी आहेत. सगळे सुखरूप आहेत. कुणीही गर्दी करू नये.

ही घोषणा मी माइकवरून कधी केली नाही. तशी वेळच आली नाही, कारण माझ्या वतीनं ती गावकीनं केली, देवळाच्या सभामंडपात, मी समोर मांडी घालून बसलेला असताना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घोषणा मी केल्या आणि माझी एकुलती एक घोषणा दुसऱ्यांनी केली. तीही माइक न लावता. माझ्यासारख्या माणसाला यातलं नेमकं काय जास्त लागलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. दोन्हीकडची एसटी आमच्याकडे येईपर्यंत दमते आणि आली की परत जायला कुरकुरते. मी भात लावतो आणि माइकवर बोलतो. भातापेक्षा बोलणं जास्त पिकतं. लग्नात आहेर कुणाचा आला, कबड्डीत चढाईला कोण निघाला, म्हसा गावच्या जत्रेत कुणाचं पोर हरवलं, कुणाचा बैल सापडला, हे सांगायला मीच. म्हशाला तर एकदा मी एकाच दमात एक बायको, एक बैल आणि एक घोंगडी हरवल्याचं जाहीर केलं होतं, आणि तिन्हींचा मालक एकच निघाला. घोंगडी सापडल्यावर तो निघून जायला लागला होता. असो.

तर एका पावसाळ्यात मला लाल लघवी झाली. मी बीट खाल्लं होतं का, ते आठवत बसलो. आमच्या घरात बीट कधी आलेलंच नव्हतं. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही आणि रडण्यासारखं सगळ्यांना माहीत असतं. मूत्राशयात कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या सर्जननं मूत्राशयच काढून टाकलं. आतड्याचा वीतभर तुकडा कापून त्याची नळी केली, दोन्ही मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नळ्या तिला जोडल्या आणि तिचं तोंड बेंबीच्या उजव्या अंगाला पोटावर काढलं. त्या तोंडाभोवती चिकटवायची एक चकती, चकतीला पिशवी, पिशवीला खाली तोटी. तोटी उघडली की मोकळं. तेव्हापासून मी शेतात, मांडवात, बोलता बोलता, अगदी पाहुण्यांना या बसा म्हणता म्हणतासुद्धा लघवी करत असतो, आणि माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नाही. मंत्र्यालाही ही सोय नाही.

सुरुवातीला पिशवीत पांढरे तंतू दिसायचे. बायको घाबरली. तिला वाटलं पू झाला. सर्जननं सांगितलं, घाबरू नका, ते आतडं आहे, ते चिकट पदार्थ सोडणारच. म्हणजे आपली बदली झालीय हे त्याला कुणी कळवलेलंच नाही. मुरबाडचा मास्तर शहापूरच्या शाळेत आला तरी पाढे मुरबाडच्याच सुरात म्हणवून घेतो, तसं ते जुन्याच सवयीनं काम करत होतं. सर्जन आणखीही बरंच काही भराभरा बोलला. बाहेर पुढचे पेशंट दारात उभे होते. त्यातलं एक पक्कं लक्षात राहिलं. भरपूर पाणी प्या, दिवसभर पीत राहा.

मी म्हटलं, "साहेब, आमच्या तालुक्यात तुमच्या मुंबईची धरणं आहेत. चैत्र लागला की आमच्याकडे टँकर येतो. आमचं पाणी तुमच्याच नळाला येतं. तुम्ही प्या, आणि मला आठवा."

तो हसला. मलाही बरं वाटलं. पोटाला भोक असलं तरी माणूस हसवू शकतो, हे तपासून झालं.

आता पालखीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पालखीवरून घडलं. चैत्रात आमच्या गावदेवीची जत्रा असते. पालखी देवळातून निघते, घराघरापुढे थांबते, शिवेपर्यंत जाते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. पालखीच्या पुढच्या दांड्याला पहिला खांदा आमच्या घराचा. मागच्या दांड्याला माझ्या चुलत्याच्या घराचा. दोन भावांनी कधीतरी वाटून घेतलेला हा मान आहे आणि जमिनीची वाटणी जितकी कडवटपणे झाली, तितकीच ही गोडीनं झाली, असं म्हणतात. माझ्या बापानं मरायच्या आदल्या वर्षीपर्यंत खांदा दिला. मग मी. मला दोन मुली. दोघी नोकरी करतात, दोघींचे खांदे माझ्यापेक्षा मजबूत आहेत, पण दांडा बाईनं धरायचा नाही. म्हणजे माझ्यानंतर काय, हा प्रश्न गावात आधीपासूनच घोटाळत होता. चुलतभावाला तीन मुलगे. एकदा का माझ्या घराचा खांदा चुकला, की पुढचा दांडा त्याच्याकडे गेला, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. आमच्याकडे बांध एक वेळ परत सरकतो, मान नाही.

जत्रेच्या तीन-चार महिने आधी गावकीची बैठक बसली. चुलतभाऊ खाकरला.

"दादा माझा भाऊच हाय. माझं काय नाय. पण देवीचं काम. पोटाला मुताची पिशवी बांधून पालखीला खांदा द्याचा म्हणजे..."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे बघा बुवा. मी नाय बोलत. लोकं बोलतात."

ती लोकं म्हणजे त्याच्या शेजारी सुपारी कातरत बसलेले चार जण. त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं आणि जमिनीकडे बघायला सुरुवात केली.

मागे खांबाला टेकून चुलतभावाची आई, म्हणजे माझी काकी बसली होती. तिला ऐकू फार कमी येतं, म्हणून ती सगळ्यांशी शेताच्या या टोकाहून त्या टोकाला बोलावं तशी बोलते. सगळे गप्प झालेले पाहून तिनं ओरडून विचारलं, "काय झालं रं? कोण गेला?"

"कोण नाय गो! बस तू!" चुलतभाऊ तितक्याच जोरानं म्हणाला.

गावकीचा म्होरक्या माझा मामा लागतो. सख्खा नाही, गावनात्यानं. तो मोठा समजूतदार माणूस. कुणालाही दुखवायचं नाही आणि कुणालाही वाचवायचं नाही, अशी त्याची रीत. तो म्हणाला, "आपण काय अडाणी नाय. पैल्यासारखा काळ नाय. शहापुरात लॅब हाय. भाच्या, तू लघवी तपासून आण. जंतू निल आलं की दांडा तुझा. रिपोर्टाच्या पुढं कोण नाय जाणार. काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला तर तो निवाडा इतका आधुनिक वाटला, की मी मामाच्या पाया पडलो.

आमच्याकडे पूर्वी काही अडलं की देवीला कौल लावायचे. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओले तांदूळ चिकटवायचे आणि हात जोडून बसायचं. उजवा दाणा पडला तर होय, डावा पडला तर नाही. आता तांदळाच्या जागी लॅब आली, इतकाच फरक. पण दाण्याचं एक बरं होतं. तो कधीतरी उजवीकडून पडायचा.

शहापूरच्या लॅबमध्ये मला प्लास्टिकची डबी मिळाली. मी मागच्या बाजूला गेलो, पिशवीची तोटी उघडली, डबी भरली आणि विजयी मुद्रेनं आणून दिली. काउंटरवरचा म्हणाला, "काका, एवढ्या लवकर?" मी म्हटलं, "आमची टाकी भरलेलीच असते." रिपोर्ट आला. जंतूंची भरघोस वाढ. गावकीनं ते सभामंडपात माझ्यासमोरच मोठ्यानं वाचून दाखवलं. रिपोर्टात त्या जंतूचं नाव इतकं लांब आणि भारदस्त होतं, की मला वाटलं याला आहेर किती दिला ते माइकवरून सांगावं.

मुरबाडला आमचा नेहमीचा डॉक्टर आहे. त्यानं कागद पाहिला, भुवया वर केल्या आणि कॅप्सूल लिहून दिल्या. कोर्स संपला, परत तपासणी. तो जंतू गेला होता. त्याच्या जागी दुसरा होता. मग दुसऱ्या गोळ्या. दुसरा गेला, तिसरा आला, आणि त्याच्यासोबत पहिलाही परत आला, बहुतेक सामान विसरला होता. माझ्या तोंडाला गंज चढल्यासारखी चव आली, जिभेवर पांढरा थर धरला, पोट दिवसातून कितीतरी वेळा धावायला लागलं. भाकरी गिळवेना. मला ना ताप होता, ना दुखणं. जे काही दुखणं होतं ते औषधांचं होतं.

बायकोनं मला एकदा चुलीपुढे बसवलं.

"तुमाला ताप हाय?"

"नाय."

"थंडी वाजते?"

"नाय."

"कुशीत दुखतं?"

"नाय गो."

"मंग ही गोळी कुणाला चाललीय?"

"मामाला," मी म्हटलं.

ती हसली नाही. आमच्या संसारात ती हसली नाही असे प्रसंग कमी, आणि ते सगळे मला पाठ आहेत.

त्या रिपोर्टात खाली औषधांची यादी असते. ज्या औषधानं जंतू मरतो त्याच्यापुढे S, ज्यानं मरत नाही त्याच्यापुढे R. पहिल्या रिपोर्टात S चं बहुमत होतं. मग दर खेपेला S मधला एकेक जण उठून R मध्ये जाऊन बसू लागला. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर सदस्य सहलीला नेतात आणि परत येतात तेव्हा ते दुसऱ्याच पार्टीचे झालेले असतात, हुबेहूब तसं. मी ते पाहून देवळाच्या ओट्यावर लोकांना हसवायचो. "आज दोन सदस्य फुटले," म्हणायचो. लोक टाळ्या द्यायचे. त्या कागदावर माझाच जीव एका पार्टीतून दुसऱ्या पार्टीत चालला होता, हे त्यांनाही कळत नव्हतं आणि मलाही.

आणि मग, जत्रा तोंडावर आली असताना, एक रिपोर्ट कोरा आला. जंतूंची वाढ नाही. मी तो कागद हातात धरून शहापूरच्या बाजारातून असा चाललो, जणू मला सातबारा मिळालाय मुंबईचा. पेढे घेतले. मामाच्या पुढे कागद ठेवला. मामानं तो चष्म्याशिवाय वाचला, म्हणजे वाचलाच नाही, आणि म्हणाला, "बघ. केलं की होतं." चुलतभावानं पेढा घेतला. त्यानं तो तोंडात न टाकता खिशात ठेवला.

पालखीच्या दिवशी मानकऱ्यानं सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नसतो. देवी देवळात परत आली की काकी तांब्या घेऊन उभी असते, तिच्या हातचं पाणी पिऊन उपास सोडायचा. दरवर्षी मी हे केलं होतं, तेव्हा माझ्या आत मूत्राशय होतं आणि ऊन आजच्याइतकं पेटलेलं नसायचं. बायको सकाळी म्हणाली, "गुपचूप दोन घोट घ्या. देवी काय तांब्या मोजते?" मी नाही म्हटलं. चोरून मिळवलेला मान मला नको होता. मी पांढरा सदरा घातला, पिशवीवरून पट्टा आवळला आणि दांडा खांद्यावर घेतला.

खोटं कशाला बोलू, तो दिवस सोन्याचा होता. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, पायाखाली फुफाटा, आणि खांद्यावर बापाच्या खांद्यानं गुळगुळीत झालेलं लाकूड. संध्याकाळपर्यंत पिशवीत जेमतेम पळीभर लघवी जमली होती, चहासारखी गडद. मला वाटलं, देवीनं माझं हे काम आज तिच्याकडे घेतलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली. चैत्रातल्या उन्हात मी दोन गोधड्यांखाली थडथडत होतो. उजव्या कुशीत कुणी कोयता फिरवावा तसं दुखत होतं. मुरबाडच्या डॉक्टरनं त्याच गोळ्या दिल्या, मग जास्त ताकदीच्या दिल्या. ताप उतरेना. मी बरळायला लागलो. बायको सांगते, मी तापात सबंध कबड्डीचा सामना जाहीर केला आणि दोन्ही संघांना बाद ठरवलं. मुलींनी गाडी केली आणि मला मुंबईला नेलं.

सर्जननं आधीचे सगळे रिपोर्ट मागितले. मुलीनं त्याच्यापुढे ठेवले. त्यानं ते एकेक करून पाहिले आणि मग टेबलावर उपडे ठेवले.

"हे कशासाठी केलंत?"

"पालखीसाठी," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी अजून बरळतोय. मुलीनं त्याला सगळं सांगितलं. मग तो खाली वाकून, हळू आवाजात, मला समजेल असं बोलला. हेच त्यानं पहिल्यांदा, दारात पेशंट उभे असताना, भराभरा सांगितलं होतं म्हणे. आतड्यात जंतू असतातच. आतड्याच्या नळीतून लघवी आली की तिच्यात जंतू असणारच, जन्मभर. ते तिथले रहिवासी आहेत. ताप नाही, थंडी नाही, कुशीत दुखत नाही, तर त्यांच्या वाटेला जायचं नाही. त्यांना उगाच मारत सुटलं, की मरतात ते साधेभोळे, आणि मागे उरतात ते कशालाही न जुमानणारे. शिवाय पिशवीतली लघवी तपासणं म्हणजे डबक्यातलं पाणी तपासून विहिरीला नावं ठेवणं. खरंच तपासायचं असेल, तर पोटावरच्या तोंडातून बारीक नळी घालून स्वच्छ नमुना घ्यावा लागतो. आणि तुम्ही करायचं ते इतकंच. पाणी पीत राहा, हात धुऊन पिशवीला हात लावा, ती तुडुंब भरू देऊ नका, चकती वेळेवर बदला. ताप आला तर मात्र एक दिवससुद्धा थांबायचं नाही, सरळ इकडे यायचं.

"मग तो कोरा रिपोर्ट?" मी विचारलं.

"तुमच्या पोटात तेव्हा इतकं औषध होतं, की डबीत काय वाढणार?"

म्हणजे माझा उजवा दाणा पडला होता तो असा.

त्यांनी नळी घालून नमुना घेतला. जो जंतू सापडला त्याच्यापुढे खालपासून वरपर्यंत R, R, R. सगळी ग्रामपंचायत फुटलेली. एक इंजेक्शन तेवढं उरलं होतं. सर्जन म्हणाला, "याचा कानावर परिणाम होऊ शकतो. मूत्रपिंडावरही. पण दुसरं काही हातात नाही." बायकोनं सही केली. सही करताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मूत्रपिंडं वाचली. मी वाचलो. कान गेले. उजवा अर्धा उरला. डाव्यात एक शिट्टी बसली. माइक चुकून स्पीकरसमोर धरला की कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते ना, तीच. फरक एवढाच की हा माइक बाजूला करता येत नाही. आत्ता हे लिहितानाही ती चालू आहे.

घरी आल्यावर लोक भेटायला आले. मी पहिल्यासारखेच किस्से सांगितले. त्यांचे चेहरे हलत होते, पण हसू कुठे सुरू झालं आणि कुठे थांबलं ते मला कळेना, म्हणून मी कधी हसण्याच्या मध्येच पुढचं वाक्य घुसवायचो, तर कधी उगाच थांबून राहायचो. बोलणाऱ्याचं अर्धं काम कान करतो. हे मला तोवर कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्यावर एक किस्सा रचला असता.

पौषात म्हशाच्या जत्रेत मला परत माइकवर बोलावलं. एक आई रडत आली. तिचं पोर हरवलं होतं. तिनं नाव सांगितलं, शर्टाचा रंग सांगितला. मी घसा ताणून पुकारत राहिलो, "लाल सदऱ्यातला, वय वर्ष पाच, असाल तिथून स्टेजकडे या!" ते पोर माझ्या डाव्या हाताला, टेबलाखाली बसून भोकाड पसरून रडत होतं. सगळ्या जत्रेला ते ऐकू येत होतं. मला सोडून. तिथंच मी माइक ठेवला आणि चहा न घेता घरी आलो.

मग पुन्हा चैत्र. पुन्हा सभामंडप. मामा म्हणाला, "गेल्या साली जसं केलं तसंच करू. रिपोर्ट निल आण, दांडा घे."

मी उभा राहिलो. आतापर्यंत मी गावाला इतकी वर्षं हसवत आलो होतो, त्या दिवशी मी न हसवता बोललो. सर्जननं सांगितलेलं सगळं सांगितलं. जंतू राहणार, निल येणार नाही, आणि निल आणायला गेलो तर पुढच्या पालखीला मी दांड्याखाली नसेन, चौघांच्या खांद्यांवर असेन. माझ्या घराचा मान आहे, मला तो असा, जसा आहे तसा हवा आहे. पिशवीसकट.

कुणीतरी काहीतरी म्हणालं. मला ऐकू आलं नाही. मी "काय?" म्हटलं. पुन्हा म्हणाले. मी पुन्हा "काय?" म्हटलं. सगळ्यांना ओरडून बोलायला लागलं, आणि असल्या गोष्टी ओरडून बोलायच्या नसतात. ते अवघडले. शेवटी मामा माझ्या उजव्या कानाशी आला.

"भाच्या, मला पटलंय. पण गावाला एकदा रिपोर्टाचा नियम लावला ना. आता मोडला तर उद्या कोणबी मोडील. तू यंदा माइक घे. दांडा घेईल तुझा भाऊ. कसं?"

ज्या गावात सरकारी नियम कुणी विचारत नाही, तिथं एका वर्षापूर्वीचा, माझ्यासाठीच काढलेला हा नियम मात्र शिलालेख झाला. मी माझ्या चुलतभावाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याच्या मोठ्या मुलानं आधीच नवा सदरा शिवून आणलेला होता, हे मला नंतर कळलं.

"लोकांला तुझा आवाज पायजे," मामा म्हणाला.

मी माइक घेतला. आता विचाराल की का घेतला. घरी बसलो असतो तर पालखी माझ्या दारात थांबली असती आणि मला दार उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा बरोबर चाललेलं बरं. निदान पाणी तरी पिता येत होतं. मी कंबरेला बाटली बांधली आणि निघालो. पिशवी उजवीकडे, बाटली डावीकडे. तराजू बरोबर.

पालखी निघाली. मी टेंपोच्या मागे चालत होतो, टेंपोवर कर्णे, हातात माइक. देवीचा जयजयकार करत होतो, मानकऱ्यांची नावं घेत होतो. "पुढच्या दांड्याला यंदापासून..." म्हणून चुलतभावाचं नाव पुकारलं. "यंदापासून" हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, कुणास ठाऊक. सवयीनं निघाला असेल. कर्ण्यांमधून तो सगळ्या गावाच्या घरांवर आदळला आणि मला जेमतेम ऐकू आला.

शिवेवर पालखी थांबते. बाकी सगळे बदलून खांदा देतात, फक्त पहिला मानकरी हलत नाही. निदान माझा बाप हलत नसे, मीही हललो नव्हतो. पण चुलतभावाला लघवी आवरेना. त्यानं दांडा घाईघाईनं मुलाच्या खांद्यावर दिला, बांधापलीकडे करवंदीच्या जाळीमागे गेला, उभ्यानं मोकळा झाला, पंचा सावरत, झटकत परत आला, आणि तसाच दांड्याला दोन्ही हात घालून, मग त्याच हातांनी देवीच्या पायावरचा गुलाल घेऊन कपाळाला लावला. सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघायला सुरुवात केली. मामा झाडाकडे बघत होता.

माइक माझ्या हातात होता, चालू होता, आणि मी जन्मात पहिल्यांदा गप्प होतो.

शेजारी काकी उभी होती, हातात नैवेद्याचं ताट. तिला ऐकू येत नाही, पण दिसतं मात्र सगळं. तिनं आपल्या मुलाकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं. आणि ती, जी साधं बोलायचं झालं तरी शेताच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं बोलते, माझ्या हातातल्या माइकच्या अगदी जवळ ओरडली. कर्ण्यांतून गावभर गेलं. माझ्या गेलेल्या कानातसुद्धा, त्या शिट्टीच्या वरताण, शब्द न् शब्द शिरला:

"आरं मेल्या, त्याची पिशवी तरी बांधलेली व्हती! तू हात तरी धू!"